आधी मौजे शोध

मोडीत लिहिलेला कागद पहिल्यांदा हातात घेतला की त्यात अक्षरं दिसतच नाहीत. दिसते ती एक आडवी रेघ आणि तिला लोंबकळणाऱ्या गाठी. लिहिणाऱ्याने आधी कागदभर रेघा ओढून घेतलेल्या असतात आणि मग बोरू जमेल तितका न उचलता तो एका दमात लिहीत गेलेला असतो. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे सुरू झालं, कळायला मार्ग नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नव्हती. मी सात-आठ वर्षांची असताना अण्णांनी घरच्या पेटीतला असा एक कागद पडवीत माझ्यापुढे पसरला. मी पहिल्या ओळीच्या डाव्या टोकापासून अक्षरं लावायला लागले, तर त्यांनी माझ्या बोटावर हलकी चापट मारली.

"अगो, वाचू नकोस. आधी मौजे शोध."

मौजे म्हणजे गाव. जमिनीच्या जुन्या दस्तात 'मौजे अमुक, तर्फ तमुक, तालुके सुवर्णदुर्ग' असा मजकूर कुठेतरी येतोच, आणि कामाचं जे काही असतं ते त्याच्या पुढे सुरू होतं. त्याआधीचा सगळा मायना. अण्णा म्हणत, मायना वाचत बसलीस तर दिवस मावळेल. नजर नुसती ओळींवरून फिरवायची, अक्षर लावायचं नाही, आणि 'मौजे'चा घाट दिसला की तिथे बोट ठेवायचं. मला त्या दिवशी अर्धा तास लागला. पण एकदा तिथे बोट टेकलं आणि मग गाठी सुटत गेल्या. वहाळ, आंबा, माड, धारा, कुणाचं तरी नाव. दोनशे वर्षांपूर्वीचा कुणी माणूस माझ्याशी बोलायला लागला.

अण्णा तालुक्याच्या कचेरीत नकला करायचे. १९५९ साली लागले आणि १९९६ साली निवृत्त झाले. आमचं गाव जोग नदीच्या खाडीवर, हर्णैच्या बंदरापासून फार लांब नाही. तिथून ते रोज एसटीने जात. तो काळ नकलांचाच होता. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने, कूळकायदा त्याच्या एक वर्ष आधीचा, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं दापोली-मंडणगडकडची माणसं 'ही जमीन आमच्या आज्याने कसली' हे शाबीत करायला कचेरीच्या पायऱ्या चढत होती. अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावायचं. मग रेकॉर्डातून रुमाल, म्हणजे लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, यायचा, अण्णा तो सोडायचे, हवं ते पान काढायचे आणि मोडीतला मजकूर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचे. खाली 'नक्कल करणार' म्हणून त्यांची सही, 'रुजुवात घेणार' म्हणून दुसऱ्याची. रुमाल पुन्हा बांधून आत जायचा. मूळ कागद कचेरीच्या बाहेर कधी गेला नाही, जाऊच शकत नव्हता. अर्जदार घेऊन जायचा ती नक्कल. घामाने भिजलेल्या सदऱ्याच्या खिशात चार घड्या करून.

मी आज जे काम करते त्याला पाठ्यपुस्तकात प्रतिलेखन म्हणतात. मनातल्या मनात मी त्याला नक्कलच म्हणते.

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू. त्याच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरं आहेत आणि ती चारच तऱ्हेची: ए, टी, जी, सी. ना जागा सोडलेली, ना दंड, ना परिच्छेद. १९९७ साली हा सगळा मजकूर संशोधकांनी वाचून प्रसिद्ध केला तेव्हा मी पीएचडीला होते आणि संगणकाच्या पडद्यावर ती अक्षरं खाली-खाली सरकत जाताना बघून मला पडवीतला तो कागद आठवला. एकच लांबलचक रेघ आणि तिला लोंबकळणारी अक्षरं. त्यात चार हजारांहून जास्त जनुकं आहेत. त्यातलं कुठलं, कधी आणि किती वेळा वाचायचं, यावर त्या जिवाचं जगणं ठरतं.

मूळ दस्त, म्हणजे डीएनए, जागचा हलत नाही. ज्या जनुकाची गरज असेल त्याची आरएनएमध्ये नक्कल निघते आणि ती नक्कल घेऊन पेशी प्रथिन बनवते. डीएनए आणि आरएनए यांची भाषा एकच, फक्त टीच्या जागी यू येतो. लिपी बदलते, भाषा तीच राहते. मोडीतून बाळबोधीत. प्रथिन बनतं तेव्हा मात्र खरं भाषांतर होतं, कारण तिथे अक्षरंच निराळी. विद्यार्थ्यांना हा फरक समजावताना माझी कधी अडचण झाली नाही, कारण अण्णांच्या टेबलावर मी तो रोज बघत होते.

नक्कल काढणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज नावाचं प्रथिन. १९५९-६०च्या सुमारास सॅम्युएल वाइस, जेरार्ड हरविट्झ, ऑड्री स्टीव्हन्स अशा काही जणांना ते निरनिराळ्या ठिकाणी सापडलं. सेकंदाला चाळीस-पन्नास अक्षरं उतरवून काढतं. अण्णांचा हात झरझर चालायचा, पण इतका नाही. पण या यंत्रापुढे ४६ लाख अक्षरांचा अखंड मजकूर ठेवला, तर सुरुवात कुठून करायची हे त्याला कोण सांगतं?

या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते एका बिघाडातून. १९६९ साली हार्वर्डमध्ये रिचर्ड बर्जेस हे पॉलिमरेज शुद्ध करत होते. जिवाणूंचा काढा करायचा, तो एका भुकटीतून गाळायचा, मग दुसऱ्या भुकटीतून, आणि दर वेळी भेसळ मागे सोडत जायचं. शेवटी फॉस्फोसेल्युलोजच्या भुकटीतून गाळलेलं पॉलिमरेज पूर्वीपेक्षा नितळ निघालं, आणि त्याने विषाणूच्या डीएनएची नक्कल काढणं जवळजवळ थांबवलं. शुद्ध झालं तसं निकामी झालं. मग भेसळ म्हणून जो भाग बाजूला पडला होता तो परत मिसळून बघितला, तर यंत्र पुन्हा धडाक्यात चालू. त्या भागात एक छोटं प्रथिन होतं. त्याला नाव पडलं सिग्मा. ट्रॅव्हर्स, डन आणि बाउट्झ यांचाही या शोधात वाटा होता. यंत्राला लिहिता येत होतंच. सिग्मा होता तो 'मौजे' ओळखणारा.

हा प्रसंग मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते, आणि दर वर्षी सांगताना मला तेवढंच बरं वाटतं. फेकून दिलेल्या गाळात हात घालणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीपंकर चॅटर्जी यांनी याच पॉलिमरेजच्या ओमेगा नावाच्या सगळ्यात लहान घटकावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या घटकालाही बराच काळ भेसळच समजत होते.

सिग्मा काय ओळखतो ते १९७५ साली डेव्हिड प्रिबनाव यांनी दाखवलं. नक्कल जिथे सुरू होते त्याच्या साधारण दहा अक्षरं आधी एक खूण असते: टी-ए-टी-ए-ए-टी. पस्तीसेक अक्षरं आधी आणखी एक: टी-टी-जी-ए-सी-ए. दोहोंमध्ये साधारण सतरा अक्षरांचं अंतर. आणि गंमत अशी की अशी हुबेहूब खूण क्वचितच सापडते. कुठे एक अक्षर बदललेलं, कुठे दोन. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. "प्रत्येक कारकुनाचं मौजे वेगळं," ते म्हणाले, "पण घाट तोच." मी त्यांना पुढचं सांगितलं, की जी खूण नमुन्याच्या जितकी जवळ तितक्या जास्त नकला निघतात आणि जी लांबची तिथून कमी. ज्या जनुकाची क्वचितच गरज असते त्याच्यापुढची खूण पुसट असते. ती चुकून बिघडलेली नाही, ती तशीच हवी आहे. यावर मात्र ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे लिहिणाऱ्याने मुद्दाम हळू आवाजात सांगितलंय."

माझं स्वतःचं काम त्या सहा अक्षरांवरचं. डीएनए म्हणजे दोन पदरांचा पीळ. आतलं वाचायचं तर पीळ उकलायला हवा. हर्णैच्या वाळूवर बसून दोर सांधणारे कोळी मी लहानपणापासून पाहत आलेय. घट्ट पिळलेल्या दोरात ते एक टोकदार खुंटी घुसवतात आणि नेमका एक पदर उचलतात. सगळा दोर सोडवत नाहीत, एकाच जागी पदर उचलला की पुढचं आपसूक होतं. सिग्माही तेच करतो. त्या सहा अक्षरांतलं दुसरं, म्हणजे ए, आणि शेवटचं टी, ही दोन अक्षरं तो पिळातून बाहेर उलटवतो आणि आपल्या अंगातल्या दोन खोबणींत बसवून घेतो. मग पीळ तेरा-चौदा अक्षरांपुरता उकलतो आणि आतला मजकूर उघडा पडतो. या नेहमीच्या सिग्माला त्यासाठी वेगळं इंधन जाळावं लागत नाही. नुसती पकड पुरते. २०११ साली त्या दोन अक्षरांचं खोबणीत बसलेलं चित्र प्रसिद्ध झालं तेव्हा मी ते पडद्यावर मोठं करून कितीतरी वेळ फिरवून-फिरवून बघत बसले होते. ज्या गोष्टीचा आपण वर्षानुवर्षं आडून अंदाज बांधलेला असतो ती डोळ्यांपुढे आली की छातीत काहीतरी होतं.

त्याच्या आधीची अशी एक वेळ १९९९ सालची. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत, म्हणजे आपल्या उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी, सापडलेल्या जिवाणूचं पॉलिमरेज सेथ डार्स्ट यांच्या गटाने स्फटिकरूपात पाहिलं. आमच्या प्रयोगशाळेत ते चित्र छापलेला अंक हातोहात फिरत होता. माझ्या हातात आला आणि मी मोठ्याने म्हणाले, "ही तर कुर्ली!" खेकड्याचा डेंगा, हुबेहूब. दोन जाड बोटं, मधे फट, आणि त्या फटीतून डीएनए जाणार. जगभर त्याला खेकड्याचा डेंगाच म्हणतात हे मागाहून कळलं. तिवरांच्या चिखलात गुडघाभर उतरून कुर्ल्या धरलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. डेंग्याची पकड काय असते ते मला माझ्या अंगठ्यावरून माहीत होतं. आई म्हणायची, ओढू नकोस, ओढलंस की ती आणखी आवळते. पॉलिमरेजचंही तसंच. एकदा डीएनएवर आवळलं की हजारो अक्षरं उतरवून होईपर्यंत सुटत नाही.

पण सुटण्याआधीचं नव्हे, सुरू होण्याआधीचं सांगायला हवं.

नवा टाक हातात घेतला की अण्णा रद्दी कागदाच्या कोपऱ्यावर 'श्री' लिहून बघत. शाई नीट उतरत नसेल तर पुन्हा श्री, पुन्हा श्री. कधी आठ-दहा श्री झाले की टाक लागायचा आणि मग खरी नक्कल सुरू व्हायची. पॉलिमरेज हे असंच करतं, हे मला प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. नकला लांबीप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या जेलच्या फिल्मवर वरच्या अंगाला माझी लांब नक्कल दिसायची आणि तळाशी दोन-चार-सहा अक्षरांच्या तुकड्यांचे काळे पट्टे. मला वाटायचं माझा हात वाईट आहे, काहीतरी सडतंय. तीन महिने मी पाणी बदललं, मीठ बदललं, नळ्या बदलल्या. मग आमच्या सरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, अगं, हे तसंच असतं. यंत्र सुरुवातीच्या जागेवर बसून दोन-तीन अक्षरं लिहितं, सोडून देतं, परत लिहितं, परत सोडतं. सिग्माची पकड सैल होऊन पुढे निसटेपर्यंत हे चालू राहतं. मी त्या पट्ट्यांना मनात 'श्री' म्हणायला लागले, अजूनही म्हणते.

त्याच वर्षी मी रिफॅम्पिसिन, क्षयावरचं औषध, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने विरघळवलं. शेंदरी-लाल भुकटी. बोटाला लागली की धुवून लवकर जात नाही.

भाऊकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, गिरणगावात साच्यावर कामाला होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि शिमग्याला ते पालखीसाठी म्हणून गावी आले ते परत गेलेच नाहीत. गिरणीत परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि छातीतही काही उरलं नव्हतं. मुंबईहून खोकला घेऊन आलेले चाकरमानी आमच्याकडे घरोघर होते. कुणी क्षय हा शब्द उच्चारत नसे, 'छातीचं' म्हणत. अण्णांनी उसनेपासने करून त्यांना औषध चालू केलं. त्यात एक लाल कॅप्सूल होती. पहिल्या दिवशी काका परसातून घाबरेघुबरे होऊन आले, लघवी नारिंगी झाली म्हणून. मग घामही. पांढऱ्या बनियनवर काखेत नारिंगी डाग पडायचे आणि ते निघायचे नाहीत. आजी शेजारणींना सांगायची, आमसुलं सोलताना लागलं हो.

दोन-अडीच महिन्यांत काकांचा खोकला थांबला. अंगावर मांस आलं. गणपतीत आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मग पैसेही संपत आले होते आणि बरं वाटतंय तर कशाला, असं त्यांनीच म्हटलं. कॅप्सूल बंद झाली. दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत ते ओटीवर भिंतीला टेकून बसले होते, टाळ मांडीवर तसेच. दिवाळी काही त्यांनी बघितली नाही.

तर ती शेंदरी भुकटी. त्या दिवशी मी ती माझ्या नळीत घातली. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली, उजेडात आणली. वरची लांब नक्कल पार नाहीशी झाली होती. तळाशी फक्त दोन-तीन अक्षरांचे पट्टे. रिफॅम्पिसिन पॉलिमरेजच्या डेंग्यात, जिथून नवी नक्कल बाहेर सरकते त्या वाटेतच जाऊन बसतं. दोन-तीन अक्षरं झाली की पुढचं दार बंद. यंत्र मोडत नाही, थांबतही नाही. ते श्री लिहितं आणि सोडतं, श्री लिहितं आणि सोडतं. पहिली ओळ कधी सुरूच होत नाही. मी फिल्म हातात धरून उभी होते आणि मला दोरीवर वाळत घातलेला बनियन दिसत होता.

हे औषधही मातीतल्या एका जिवाणूची देणगी. १९५७ साली मिलानच्या लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत, दक्षिण फ्रान्समधल्या पाइनच्या रानातून आणलेल्या मातीत तो सापडला. त्याच्याच गणगोतातले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू आपल्या तांबड्या मातीतही असतात आणि पहिल्या पावसाला जो वास सुटतो त्यात त्यांचा मोठा वाटा. सिग्मा एकाच तऱ्हेचा नसतो. ई. कोलायला सात पुरतात, या मातीतल्या मंडळींपैकी एकेकाला साठाहून जास्त लागतात. ऊन, पाऊस, उपास, शेजारी, सगळ्यांना तोंड द्यायचं असतं ना.

आणि औषध अर्ध्यावर सोडल्यावर काय होतं? क्षयाच्या जिवाणूत पॉलिमरेजच्या बीटा घटकाचं जनुक आहे. त्यातल्या जेमतेम ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बहुतेक सगळा खेळ होतो. सगळ्यात जास्त आढळतो तो एकाच अक्षराचा बदल: टी-सी-जीचं टी-टी-जी. सीच्या जागी टी. तेवढ्याने डेंग्यातल्या खोबणीचा आकार बदलतो आणि रिफॅम्पिसिन बसेनासं होतं. कोट्यवधी जिवाणूंत असा एखादा आधीपासून असतोच. म्हणून हे औषध एकटं देत नाहीत, जोडीला दुसरी देतात, आणि म्हणून ती ठरलेले सगळे महिने घ्यायची. आता सीबीनॅट नावाची चाचणी दोनेक तासांत ती ८१ अक्षरं तपासून सांगते. काकांच्या वेळी नव्हती. गावात कुणी मधेच गोळ्या सोडल्या असं कळलं की मी अजूनही स्वतः जाऊन त्यांच्या ओटीवर बसते. माझ्या नातेवाइकांना हे आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

एका अक्षराचं भय आमच्या घरात जुनंच आहे. आत्याच्या सासरची एक जमीन होती, समुद्राच्या बाजूची. फार पूर्वी कुणा कारकुनाने मूळ वहीतच हिस्सा १च्या जागी ९ लिहिला. बोरूचा एक वळसा. त्यानंतर ज्याने ज्याने नक्कल काढली त्याने इमानाने ९च उतरवला. अण्णांनीसुद्धा उतरवला, कारण नक्कल करणाऱ्याने मूळ सुधारायचं नसतं. आत्याचे यजमान त्या एका आकड्यापायी म्हातारे झाले. अण्णा म्हणायचे, "माझ्या नकलेत चूक झाली तर फाडून दुसरी लिहीन. मुळात चूक झाली तर देव सुद्धा तीच उतरवणार."

जिवाणूने हा भेद फार आधीपासून ओळखला आहे. डीएनएची प्रत काढताना अब्जावारी अक्षरांत एखादी चूक राहते, इतकी राखण. आरएनए उतरवताना दहा हजार ते लाखभर अक्षरांत एक चूक चालते. बेफिकिरी आहे असं नाही. चुकीचं अक्षर पडलं तर पॉलिमरेज अडखळतं, मागे सरकतं, आणि ग्रे नावाची प्रथिनं मदतीला येऊन ते चुकीचं टोक छाटून टाकतात. रुजुवात तिथेही आहे. पण त्यातूनही चूक राहिली तर राहिली, कारण ती नक्कल टिकणारच नसते. जिवाणूतल्या बहुतेक नकला सरासरी पाचेक मिनिटांत मोडीत निघतात. पेशीच त्या कुरतडते आणि सुटी झालेली अक्षरं पुढच्या नकलेला वापरते.

डीएनएला जीवनाचं पुस्तक वगैरे म्हणतात तेव्हा मला ते एकांगी वाटतं. पुस्तक रुमालात बांधलेलं आहे. भूक लागली, ऊन झालं, साखर संपली, दूध आलं, या प्रत्येक वेळी जी निघते, वाचली जाते आणि पाच मिनिटांत नाहीशी होते त्या नकलेत त्या जिवाचा दिवस जातो. कालच्या भुकेची नक्कल आज शिल्लक राहिली असती तर त्याला आज जगता आलं नसतं. माझा जीव त्या नकलांवर आहे.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनपाशी किनाऱ्यावर आलं आणि आमच्या बाजूलाही झोडपून गेलं. टाळेबंदीचे दिवस. मला पास मिळून गावी पोचायला महिना अखेर उजाडली. वाडीत आधी आभाळ दिसायचं नाही, आता सगळं आभाळच होतं. सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. माड मुळासकट उपटलेले. घराची अर्धी कौलं गेली होती, वर ताडपत्री. वीज नव्हती. अण्णा ब्याऐंशी वर्षांचे, आई अठ्ठ्याहत्तरची, दोघं ओटीवर शांत बसलेली.

गावात कुणी हुकूम सोडलेला नव्हता. एरवी नाक्यावर दुसऱ्यांच्या कामात खोड्या काढत बसणारी माणसं करवती घेऊन रस्त्यावरचे माड कापत होती, आणि एरवी ज्यांना कुणी विचारत नाही अशी चार पोरं ट्रॅक्टर लावून विहिरीचं पाणी घरोघर पोचवत होती. मला माझा बत्तीस नंबरचा सिग्मा आठवत राहिला. ई. कोलायमध्ये उष्णतेचा मारा झाला की हा सिग्मा पुढे होतो आणि डागडुजीच्या जनुकांच्या नकला काढायला लावतो. एरवी तो मिनिटभरच जगतो. डीएनएके नावाची देखभाल करणारी प्रथिनं त्याला धरून ठेवतात आणि एफटीएसएच नावाचं प्रथिन त्याचा फडशा पाडतं. ऊन वाढलं की पेशीतली बाकीची प्रथिनं विस्कटायला लागतात, डीएनएके सगळी तिकडे धावतात आणि याला धरायला कुणी उरत नाही. तो सुटतो. भरीला, त्याची स्वतःची आरएनए नक्कल थंडाव्यात घडी घालून मिटलेली असते ती उष्णतेने उलगडते आणि त्याची संख्या वाढते. संकटाची वर्दी द्यायला निराळा शिपाई ठेवलेला नाही. सांभाळणारे हात गुंतले, हीच वर्दी. विस्कटलेलं सावरलं की ते हात मोकळे होतात आणि सिग्मा पुन्हा धरला जातो.

माळ्यावरची अण्णांची ट्रंक भिजून गेली होती. निवृत्तीनंतरही लोक जुने कागद वाचून घ्यायला घरी येत, त्यांचे कच्चे खर्डे त्यात होते. वीस-बावीस वर्षांचे. आईने ते अंगणात दगड ठेवून वाळवले होते. कडा पिवळ्या, शाई पसरलेली, काही पानं एकमेकांना चिकटून पुठ्ठा झालेली. मी म्हटलं, मी हे पुण्याला नेते, नीट करून घेते. अण्णांनी मान हलवली आणि गठ्ठा उचलून न्हाणीकडे गेले. चुलीत ओली सुपारीची झावळी धुमसत होती, पेट घेत नव्हती. त्यांनी पाटावर बसून एकेक पान आत सरकवायला सुरुवात केली.

"अण्णा, असे काय जाळता?"

"खर्डे आहेत ते. ज्याचं त्याला तेव्हाच लिहून दिलं. मूळ त्यांच्या घरी आहे."

एका पानाच्या कोपऱ्यावर सात-आठ श्री होते. ते त्यांनी क्षणभर जाळाच्या उजेडात धरलं, भिंग नव्हतं तरी खालचा मजकूर त्यांना लागला. "पूर्वेस वहाळ, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वाट," त्यांनी वाचलं, आणि दक्षिणेस काय ते शाई फुटल्यामुळे दिसलं नाही. मग तेही पान आत गेलं. झावळीने पेट घेतला. हंड्याखालून ज्वाळा वर आली.

मी दारात उभी होते. प्रवासाने अंग आंबलं होतं.

"पाणी कढत झालंय," ते उठत म्हणाले. "विसणाची घागर भरून ठेवलीय. विसण बघून घे हो."